अकरा लॉट आणि एक तुंबा

काम तसं एका दुपारचं होतं. मागची खोली रिकामी करायची, झाडायची, भिंतींना रंगाचा एक हात द्यायचा आणि मुलीची वाट बघत बसायचं. पण ते वाल्देमार बेंतांकुरच्या हाती पडलं, आणि वाल्देमारने सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टिपणं लिहिली होती. अशा माणसाला एका दुपारचं काम दिलं की ते सहज महिनाभर पुरतं.

मुलगी म्हणजे यानिना. सहा वर्षं स्पेनमध्ये, वालेन्सियात राहिली, तिथेच लग्न केलं, आणि सहावा महिना लागल्यावर तिने घरी फोन केला. "आई, बाळ मला मोंतेविदेओतच हवंय. मी अठराला पोचते, हा दोन महिन्यांनी येईल. माझी खोली आहे ना अजून?"

"म्हणजे काय! जशीच्या तशी आहे," निबिया म्हणाली. फोन ठेवून तिने खोलीचं दार ढकललं. ते चार बोटं उघडलं आणि अडलं.

यानिनाचा पलंग आत होता हे नक्की, कारण तो बाहेर कधी आलाच नव्हता. पण त्याच्यावर, त्याच्याखाली आणि त्याच्या चहूबाजूंनी वाल्देमारने सहा वर्षं 'कधीतरी उपयोगी पडेल' असा एकेक जिन्नस आणून ठेवला होता. शिलाई मशीन होतं, टाइपरायटर होता, कार्निव्हलमधला फाटका ढोल होता, चौथा खंड नसलेला विश्वकोश होता. अननसाच्या आकाराची बर्फाची बादली होती, जी कोणी आणली ह्यावर नवराबायकोत आजही एकमत नाही.

"सोळा दिवस आहेत," निबिया म्हणाली. "सतराच्या संध्याकाळी भंगाराची गाडी बोलावते. जे उरेल ते गाडीत. माझी लेक पोटुशी येतेय, ती काय त्या ढोलावर झोपणार आहे?"

"भंगार?" वाल्देमारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "निबिया, ह्या वस्तू आहेत. आणि हल्ली वस्तूंचा ऑनलाइन लिलाव होतो. घरबसल्या! लोक बोली लावतात, जिंकतात, येऊन घेऊन जातात. सतराला ही खोली मी तुला रिकामी करून देतो."

"लिहून दे."

त्याने खरंच लिहून दिलं, तारीख घालून, सहीनिशी. निबियाने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रेता व्हायचं तर आधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. ओळखपत्राचा फोटो द्यायचा, मग मोबाइलसमोर तोंड धरायचं, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, हसायचं. ओळखपत्रावरच्या वाल्देमारला भरघोस मिशी होती. मोबाइलसमोरचा वाल्देमार दोन वर्षांपूर्वी मिशी काढून बसला होता. तीन दिवस मोबाइल त्याला एकच सांगत राहिला: चेहरा जुळत नाही.

"मी तर कधीची सांगतेय," निबिया म्हणाली.

शेवटी त्याने काळ्या पेन्सिलीने मिशी काढली. मोबाइलने ती ताबडतोब मान्य केली. बत्तीस वर्षं ज्याने लोकांचे कागद तपासले, त्याला स्वतःची ओळख पटवायला भुवया रंगवायची पेन्सिल लागावी, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. त्यात पेन्सिल चांगल्या प्रतीची निघाली. दोन दिवस ती मिशी धुतली तरी जाईना.

ह्या मिशीमुळेच बातमी गल्लीभर झाली. पहिला आला तो शेजारचा दार्दो. दार्दोने तीस वर्षं एका लिलावघरात पुकारा करण्याचं काम केलं होतं. ते लिलावघर बंद पडून नऊ वर्षं झाली, पण दार्दोचा आवाज काही बंद पडला नव्हता. पाव आणायला गेला तरी चार दुकानांपलीकडे ऐकू जायचं.

"शेजारी, एका पेसोपासून सुरू करा," तो म्हणाला. "माणूस एका पेसोला हात वर करतो. एकदा हात वर गेला की त्याला खाली घ्यायची लाज वाटते. आमचा सगळा धंदा त्या लाजेवर चालायचा."

दुसरी आली समोरची एलिदा. एके काळी तिचं केस सेट करायचं दुकान होतं. तिने एक टोपवाली खुर्ची ढकलत आणली, जिच्यात बायका डोकं घालून केस वाळवत बसतात. "तुम्ही विकतच आहात ना शेजारी, मग एवढी एक घ्या. घरात नुसती जागा अडवते हो." वाल्देमारला नाही म्हणता येत नसे. कचेरीत त्याच्यासाठी ते काम छापील फॉर्म करायचा. त्यामुळे आठवडा संपेपर्यंत खोलीत एलिदाची खुर्ची, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा तराजू आणि दार्दोच्या मेहुण्याच्या दोन खिडक्या आल्या. पूर्वी चार बोटं उघडणारं दार आता दोन बोटं उघडू लागलं. निबिया येताजाता ती बोटं मोजायची.

मग त्याने अकरा लॉट पाडले आणि वर्णनं लिहायला बसला. इथे मात्र तो खऱ्या अर्थाने फुलला. निवृत्तीनंतर प्रथमच त्याच्या लेखणीला वाव मिळाला होता. 'सदर खुर्ची तीन पायांवर भक्कम उभी असून चौथ्या पायाबाबत विक्रेता कोणतीही हमी देत नाही.' 'विषयांकित टाइपरायटरचे एक अक्षर उमटत नाही, तथापि त्यावाचून बऱ्यापैकी पत्रव्यवहार होऊ शकतो.' बर्फाच्या बादलीपुढे त्याने लिहिलं, 'उगम अज्ञात.'

"हे वाचून कोण घेणार?" निबियाने विचारलं.

"प्रामाणिकपणा, निबिया! ग्राहकाला तो कळतो."

आणि आश्चर्य म्हणजे कळला. पहिल्या दिवशी शिलाई मशीनवर सात बोल्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तीन पायांच्या खुर्चीवर दोघांची जुंपली. विश्वकोशावर तर एकाने लिहिलं, 'चौथा खंड नसला तरी चालेल.' लोक प्रश्नही अगदी जाणकारीने विचारत. मिनास गावचा सेनोन नावाचा एक माणूस मशीनबद्दल रोज विचारायचा: 'कडेला झीज आहे का?' वाल्देमारने टेबलाची कड अंगठ्याने चाचपून उत्तर दिलं, 'कड शाबूत असून वापराने गुळगुळीत झालेली आहे.' सेनोनने लगेच बोली वाढवली.

वाल्देमारचं चालणं बदललं. बेकरीत तो लोकांना भाषेचं महत्त्व समजावून सांगू लागला. शेवटच्या दिवशी तर सगळी गल्ली मोबाइल हातात घेऊन त्याच्या दारासमोर जमली. दार्दोला राहवेना. त्याने निबियाच्या स्वयंपाकघरातला मांस चेचायचा लाकडी हातोडा उचलला आणि फुटपाथवर उभं राहून, मोबाइलवर बोली उमटेल तसा पुकारा करायला लागला. तिसऱ्या वाराला हातोडा टपालपेटीवर आपटायचा. अकराच्या अकरा लॉट गेले. एलिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची खुर्ची साल्तो गावच्या एका दंतवैद्याने घेतली होती.

"बघ," वाल्देमार फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाला.

"सतराला बघते," निबिया म्हणाली. पण त्या दिवशी तिने त्याच्या आवडीचे बटाट्याचे न्योकी केले, आणि ते महिन्याच्या एकोणतिसालाच करायची तिकडची रीत असताना, त्या तारखेची वाट न बघता केले, ह्याची नोंद घ्यायला हवी.

सतरा तारखेला शनिवार होता. वाल्देमारने अकराही जणांना सकाळी अकराला बोलावलं आणि रांगेसाठी आकडे घातलेले कागद कापून ठेवले. दार्दो आणि त्याच्या मेहुण्याने पहाटेपासून खोलीतलं सगळं मागच्या अंगणात काढलं, म्हणजे खोली झाडता येईल. सहा वर्षांनी खोलीची फरशी दिसली. निबियाने ती दोनदा पुसली.

कागद क्रमांक एक सेनोनला मिळाला. हा एक धिप्पाड, हळू बोलणारा खोगीरवाला होता, आणि थेट मिनासहून ट्रक घेऊन आला होता. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली. मग वाकून खाली बघितलं.

"आणि तुंबा?" त्याने विचारलं.

"कोणता तुंबा?"

सेनोनने मोबाइल पुढे केला. फोटोत शिलाई मशीन होतं. मशीनच्या टेबलावर, अगदी मधोमध, वाल्देमारचा थर्मास होता आणि थर्मासला टेकून त्याचा तुंबा, म्हणजे माते हा कडवट पाल्याचा चहा प्यायचं भोपळ्याचं भांडं, चांदीची कड, चांदीची नळी, सगळं उन्हात झळकत होतं.

आता ह्यात वाल्देमारचा काय दोष? त्या शहरात माणूस घराबाहेर पडतो तो डाव्या काखेत थर्मास आणि डाव्या हातात तुंबा घेऊनच. उरतो एक हात. फोटो काढायला दोन लागतात. मग काखेतलं समोर जे सपाट दिसेल त्याच्यावर ठेवायचं. असे त्याने अकरा फोटो काढले होते. निबियाने ते पाहिले, दार्दोने पाहिले, एलिदाने पाहिले, आणि एकालाही त्यात थर्मास-तुंबा दिसला नाही. मोंतेविदेओत तो कोणालाच दिसत नाही. हाताला अंगठा असतो तसा तो असतो.

"तुंबा ह्यात नाही," वाल्देमार म्हणाला. "तो माझा आहे. रोजच्या पिण्यातला आहे."

"मी तर तुंब्यासाठीच बोली लावली," सेनोन म्हणाला. "मी खोगीरवाला माणूस. मला शिवायला माझं मशीन आहे."

"मीसुद्धा तुंब्यासाठीच," साल्तोचा दंतवैद्य म्हणाला. "नाहीतर ती टोपवाली खुर्ची मी कोणाच्या डोक्यावर घालू?"

एक शाळेतल्या बाई विश्वकोशासाठी आल्या होत्या. त्यांनीही तुंबाच पाहिला होता. एकेक करत अकराही जणांनी मोबाइल पुढे केले. कुठे तो ढोलावर होता, कुठे टाइपरायटरवर, आणि तीन पायांच्या खुर्चीवर तर असा रुबाबात बसला होता की खुर्ची त्याच्यासाठीच घडवलीय असं वाटावं.

"एकसारखे अकरा दिसले," दंतवैद्य म्हणाला. "मला वाटलं तुमचा कारखाना आहे."

वाल्देमारने मोठ्या आशेने दार्दोकडे पाहिलं. दार्दोने हातोडा छातीशी धरला आणि खाली मान घातली. "शेजारी, मला फार वाईट वाटतंय. पण चित्रात जे दिसतं ते लॉटमध्ये धरायचं. तीस वर्षं आम्ही हेच केलं."

म्हणजे वर्णनं कोणी वाचलीच नव्हती. 'तथापि'सकट सगळी मेहनत वाया गेली होती. वाल्देमारला पहिला धक्का बसला तो हा. दुसरा त्याहून मोठा होता. तुंबा निबियाच्या आजोबांनी केलेला. आजोबा चांदीचे कारागीर होते, आणि कडेवर त्यांनी कोरलेल्या टिटव्या चाळीस वर्षांत वाल्देमारच्या अंगठ्याने जवळजवळ पुसून टाकल्या होत्या. लग्न ठरलं त्या दिवशी निबियाने तो त्याच्या हातात ठेवला होता. तो देणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. आणि न देणं म्हणजे अकराही जण सामान सोडून जाणार, संध्याकाळी भंगाराची गाडी येणार, किंवा तीही वेळेवर येणार नाही, आणि उद्या यानिना येऊन बघणार की बापाने तिच्या खोलीचा जुना बाजार केलाय.

अंगणात आवाज चढले. कोणी वकिलाचं नाव घेतलं, शाळेतल्या बाई 'तक्रार' हा शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा सुटासुटा उच्चारू लागल्या. तेवढ्यात आवाज ऐकून निबिया स्वयंपाकघरातून बाहेर आली, पिठाच्या हातांनी. तिने अंगणभर पसरलेल्या त्या संतापलेल्या माणसांकडे पाहिलं आणि नवऱ्याला एकच विचारलं.

"म्हाताऱ्या, ही माणसं कधीची आलीयत?"

"अकराला."

"आणि तू ह्यांना माते विचारलास का?"

वाल्देमारची मान खाली गेली. त्याने कागदाचे आकडे वाटले होते, पण माते विचारला नव्हता. साल्तोहून, मिनासहून माणसं दारी आली आणि तासभर कोरडी उभी राहिली. अंगणातले आवाजही एकदम थांबले, कारण हा अपमान तुंब्याच्या भांडणाहून जुन्या कायद्यातला होता.

पाणी तापलं. वाल्देमारने तुंबा भरला, पहिला घोट रिवाजाप्रमाणे स्वतः घेतला आणि दुसरा भरून सेनोनच्या हाती दिला. सेनोनने तो संपवून परत केला. मग दंतवैद्याला, मग शाळेतल्या बाईंना. एकच तुंबा, एकच नळी, बारा तोंडं. निबियाने गरम तळलेल्या पुऱ्यांचं ताट मध्ये ठेवलं, साखर भुरभुरवून. दुसऱ्या फेरीला दंतवैद्य शाळेतल्या बाईंना दाढेबद्दल सल्ला देत होता. ज्याच्या नळीने आपण नुकताच घोट घेतला, त्याच्यावर फिर्याद करणं माणसाला जरा जडच जातं.

तिसऱ्या फेरीला सेनोनने तुंबा हातात फिरवून पाहिला. झिजलेल्या टिटव्यांवर अंगठा ठेवला.

"हा तुमच्या अंगठ्याने झिजलाय," तो म्हणाला. "मला वाटलं, पेटीत ठेवलेली वस्तू आहे. अशी चालती वस्तू न्यायची नसते." मग त्याने "आभार" म्हटलं, म्हणजे आपल्याला पुरे झालं असं सांगितलं, आणि तुंबा परत केला. बाकीच्यांनीही एकेक करत आभार मानले. वाल्देमारने पुरीचा तुकडा तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको.

"ते ठीक आहे हो," दंतवैद्य म्हणाला, "पण खुर्चीचं काय?"

"मला चालेल ती खुर्ची," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "माझी बहीण केशकर्तनाचं दुकान काढतेय."

"मग तुमचा विश्वकोश मला द्या. दवाखान्यात लोक वाचतील."

दार्दो नऊ वर्षं ह्या क्षणाची वाट बघत होता. तो लाकडाच्या खोक्यावर चढला. "मंडळी! जुनं सगळं रद्द! नव्याने! एका पेसोपासून!"

त्यानंतरचा तास त्या गल्लीत अजून सांगितला जातो. लोक चवीने बोली लावत होते, शेजारी भिंतीवरून लावत होते. ढोल घेणाऱ्याने तो तिथेच वाजवून पाहिला, त्यावर एलिदाने नाचून दाखवलं. वाल्देमारलाही चेव चढला. तो प्रत्येक लॉटचं वर्णन आता तोंडी करू लागला, आणि लोक ऐकत होते, हसत होते, टाळ्या वाजवत होते! त्याच्या गद्याला अखेर श्रोते मिळाले. 'उगम अज्ञात' म्हणताच बर्फाच्या बादलीवर पाच हात वर गेले.

"लॉट बारा!" दार्दो गर्जला. "लोखंडी पलंग, गादीसकट!"

"सदर पलंगावर," वाल्देमारने रंगात येऊन सांगितलं, "एका हुशार मुलीने शाळेचा संपूर्ण अभ्यास केलेला असून, तिला परदेशातही यश मिळालेले आहे!"

पलंग सेनोनने घेतला. त्याची मुलगी शाळेत जात होती.

दुपारी शेवटचा ट्रक कोपऱ्यावरून वळला. अंगण साफ झालं. वाल्देमार हात चोळत रिकाम्या खोलीत आला, फ्रिजवरचा कागद मनातल्या मनात फाडला, आणि मग त्याला जाणवलं की खोली जरा जास्तच रिकामी आहे.

"निबिया," तो हळूच म्हणाला, "पलंग विकला."

निबियाने खोलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर ती फक्त केरसुणीशी बोलली. "बघ गं बाई," ती केरसुणीला म्हणाली, "हा माणूस मी तुंब्यासकट का नाही दिला?"

रविवारी सकाळी विमानतळावर जाताना वाल्देमारने मनात टिपण तयार केलं. विषय: पलंगाबाबत. पण यानिना काचेच्या दारातून बाहेर आली, पोट पुढे, केस विस्कटलेले, डोळे आईबापाला शोधणारे, आणि टिपणातला एक शब्द त्याला आठवला नाही. तिला मिठी मारून तो नुसता रडला. घरी पोचेपर्यंत विषय निघालाच नाही. निबियाने त्याला तीनदा कोपराने ढोसलं.

यानिनाने आपल्या खोलीचं दार ढकललं. ते सताड उघडलं आणि मागच्या भिंतीवर आपटलं. आत चार भिंती होत्या, खिडकी होती आणि फरशीवर ऊन पडलं होतं.

"बेटा, ते असं झालं..." वाल्देमारने सुरुवात केली.

ती आत गेली. मधोमध उभी राहिली. दोन्ही हात पसरून तिने हळूच एक गिरकी घेतली.

"वालेन्सियात आमच्या खोलीत हात पसरले की दोन्ही भिंती लागायच्या, बाबा," ती म्हणाली. "मी रोज मनात ही खोली उघडायची. पण इतकी मोठी होती, हे मला आठवत नव्हतं."

मग ती खिडकीजवळच्या उन्हात सावकाश बसली, आणि चपला काढून, बॅग उशाला घेऊन कुशीवर आडवी झाली. निबिया तिच्या पाठीशी आडवी झाली. वाल्देमार थोडा वेळ उभाच राहिला, कारण विक्रेत्याने अशा वेळी कुठे आडवं व्हावं ह्याची त्याला कल्पना नव्हती. यानिनाने हात धरून त्याला खाली ओढलं आणि तो हात आपल्या पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली. वाल्देमारने श्वास रोखला. दुसरी बसेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. एलिदा होती. पलंग विकल्याचं तिच्या कानावर गेलं होतं, आणि दार्दोच्या मदतीने तिने आपल्या घरातला जास्तीचा पलंग रस्ता ओलांडून आणला होता. दार्दोच्या हातात कपाटही होतं, निदान आवाजावरून तसं वाटत होतं.

"शेजारीण, कुठे ठेवू?" एलिदाने ओरडून विचारलं.

निबियाने डोळे उघडले नाहीत. "नंतर आण गं," ती आतून म्हणाली. "आत्ता जागा नाही. खोली भरलीय."